वरातीतली विलायती गाडी उकळते कशाने?

गेल्या वैशाखात धुळ्यात एका लग्नाला गेलो होतो. मुहूर्त साडेबाराचा, पारा ४४ च्या वर, आणि नवरदेवाला मारुतीच्या देवळापासून मंडपापर्यंत मिरवत आणायला भाड्याने मागवलेली १९३० च्या दशकातली लांब नाकाची विलायती गाडी. नाकापासून टपापर्यंत झेंडूच्या माळांनी मढवलेली. अंतर जेमतेम किलोमीटरभर. पुढे बँड, मध्ये नाचणारी पोरं, मागे गाडी. अर्ध्या वाटेवर गाडीच्या नाकातून आधी फुसफुस आवाज आला, मग वाफेचा लोट निघाला आणि पुढच्या काचेवर तांबूस पाण्याचे शिंतोडे उडाले. नाचणाऱ्यांतला एक पोरगा मदत म्हणून नाकावरचं झाकण फिरवायला धावला. ड्रायव्हरशेजारी बसलेल्या म्हाताऱ्या मिस्तरींनी बसल्या जागेवरून आरोळी ठोकली, "हात नको लावू भो, पानी उकळी ऱ्हायनं!"

नवरदेव उतरला आणि उरलेली वाट पायीच चालला. पंगतीत वरण-बट्टी वाढून होईपर्यंत दुसरा विषय नव्हता. राजे-महाराजे वापरायचे ती गाडी, आणि एक किलोमीटर चालेना? कोणी म्हणालं भंगार आहे. कोणी म्हणालं पाणी भरायचं विसरले. एका मामांनी पेट्रोलमधल्या इथेनॉलवर खापर फोडलं. लग्नसराईत अशा वाफ सोडणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात, आणि प्रत्येकाखाली हीच तीन मतं असतात. खरं कारण चौथंच आहे. त्यासाठी थोडं मुळापासून सुरू करावं लागेल.

इंजिन म्हणजे बंबच

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना अर्धं इंजिन आधीच कळलेलं आहे. मधल्या नळीत कोळसे पेटलेले, भोवती पाणी. नळीची उष्णता पाणी ओढून घेतं, म्हणून नळी टिकते. पाणी न भरता बंब पेटवला की जोड सुटायचे आणि पेटवणाऱ्याच्या पाठीत धपाटा बसायचा. इंजिनातही तेच. मधल्या नळीला सिलिंडर म्हणायचं, जाळ कोळशाचा नाही, पेट्रोलच्या वाफेचा, आणि सिलिंडरभोवती पोकळ भिंत, जिच्यात पाणी खेळतं. फरक इतकाच की बंबात आपल्याला गरम पाणी हवं असतं, इथे गरम पाणी ही नको असलेली वस्तू.

किती नको असलेली? पेट्रोल जाळून निघणाऱ्या उष्णतेचे ढोबळ तीन वाटे होतात. एक चाकं फिरवतो, एक धुराड्यातून जातो, एक पाण्यात उतरतो. जुन्या इंजिनांत चाकांचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असायचा. आता हिशोब करू. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते, म्हणजे वीजबिलावर असतात तसलीच युनिटं. समजा सात-साडेसात लिटरचं दांडगं इंजिन वरातीत घुटमळत तासाला ४ लिटर पेट्रोल पितं. झाली ३६ युनिटं. त्यातली १२ पाण्यात. घरातला २ किलोवॉटचा गिझर तासाला २ युनिटं खातो. म्हणजे त्या बॉनेटखाली सहा गिझर एकदम चालू आहेत आणि त्यांची उष्णता दर क्षणाला बाहेर फेकली गेली पाहिजे. नाही फेकली, तर तेल पातळ होतं, पिस्टन, म्हणजे सिलिंडरमध्ये खालीवर होणारा दट्ट्या, फुगून जाम होतो, हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण वाकतं, त्याच्या सांध्यातलं गॅस्केट उडतं.

भुसावळच्या लोको शेडमध्ये उभा जन्म काढलेले आमचे एक शेजारी होते. त्यांना मोटारवाल्यांची ही धडपड कधीच पटली नाही. "आम्ही पाणी उकळायचाच पगार घेतला," म्हणायचे. वाफेच्या इंजिनाला उकळी हवी असते, पेट्रोलच्या इंजिनाला उकळीच्या अलीकडे थांबायचं असतं. सगळा खेळ त्या 'अलीकडे'चा आहे.

विहीर सोबत नेता येत नाही

शेतातल्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला ही चिंता नसायची. पंपाने उपसलेल्या पाण्यातलीच एक धार इंजिनातून फिरवायची आणि गरम झालं की पाटात सोडून द्यायची. विहिरीत पाणी आहे तोवर इंजिन गार. गाडीला विहीर सोबत नेता येत नाही, म्हणून तेच पाणी पुन्हा पुन्हा थंड करून वापरावं लागतं. हे थंड करण्याचं भांडं म्हणजे रेडिएटर. आमच्याकडे गॅरेजात त्याला सरळ 'जाळी' म्हणतात आणि तो शब्द जास्त चपखल आहे, मी तोच वापरतो.

पाणी इंजिनातून जाळीत आणि जाळीतून इंजिनात फिरवायचं कसं? दोन रीती. पहिली तुमच्या गच्चीवर असेल. सौर बंबाच्या काचेखालच्या नळ्यांत पाणी तापलं की हलकं होऊन वरच्या टाकीत चढतं आणि टाकीतलं थंड, जड पाणी खाली उतरतं. पंप नाही, मोटार नाही. याला थर्मोसायफन म्हणतात. सुरुवातीच्या कितीतरी गाड्या याच तत्त्वावर चालल्या. फ्रान्सच्या रेनॉने तर जाळी इंजिनाच्या पुढे न लावता मागे, काचेच्या बाजूला लावली, म्हणून त्यांच्या त्या काळच्या मोठमोठ्या गाड्यांचं नाक उतरतं आणि बंद दिसतं.

या रीतीची मेख एकच. इंजिनातून जाळीकडे जाणाऱ्या वरच्या नळीच्या तोंडाखाली पाणी उतरलं की फिरणं बंद. जाळीत अजून चांगलं पाऊण भांडं पाणी असतं, पण ते जागच्या जागी उभं, आणि इंजिनाभोवतीचं उकळतंय.

महागड्या गाड्यांनी म्हणून दुसरी रीत धरली, पंपाची. मिस्तरी लोक याला 'वॉटर बॉडी' म्हणतात. इंजिनाच्याच ताकदीवर फिरणारं एक चाक पाणी ढकलतं. हे भरवशाचं, पण इंजिन जितकं हळू, तितका पंपही हळू. रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टचं १९०७ च्या सुमाराचं इंजिन ७ लिटरचं होतं आणि त्याची ४८ अश्वशक्ती मिनिटाला सुमारे १,२०० फेऱ्यांतच मिळून जायची. आजच्या छोट्या गाडीचं इंजिन त्याच्या चार-पाच पट फेऱ्या मारतं. त्या काळच्या मोठ्या गाड्यांची ऐट याच संथपणात होती. टॉप गिअरमध्ये माणसाच्या चालीने चालवून दाखवायचे. वरातीसाठी हे गुण म्हणजे दुधात साखर वाटेल. पण अशा चालीत पंप आणि पंखा दोघंही पेंगत असतात.

आठ हजार सत्तर नळ्या

जाळीची गोष्ट इथे थोडी रेंगाळून सांगण्यासारखी आहे. १८८६ च्या कार्ल बेंझच्या पहिल्या तीनचाकीला जाळी नव्हतीच. पाणी उकळायचं, वाफ उडून जायची, वरून नवं पाणी घालायचं. १८८८ मध्ये त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी निघाली तेव्हा वाटेत जिथे मिळेल तिथे पाणी भरत गेली. वेडेपणा वाटतो, पण आपल्या माठाचं शास्त्र तेच. पाणी वाफ होताना प्रचंड उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी वाफेत बदलायला जितकी उष्णता लागते, तितक्यात साडेपाच लिटर बर्फाइतकं थंड पाणी उकळीला येईल. माठ झिरपतो म्हणूनच थंड राहतो. फक्त माठाला दिवसाला तांब्याभर पाणी पुरतं. आपल्या सहा गिझरच्या इंजिनाला निव्वळ वाफेवर गार ठेवायचं, तर दर तीन मिनिटांना एक लिटर लागेल.

उत्तर काढलं विल्हेल्म मायबाख या जर्मन इंजिनिअरने. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी त्याने चौकोनी तोंडाच्या ६ मिलिमीटर रुंदीच्या ८,०७० बारीक नळ्या एकाला एक लावून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी केली. नळ्यांच्या आतून हवा जायची आणि दोन नळ्यांमधल्या बारीक फटीतून पाणी. पाठीमागे एक पंखा. आधी जितकं पाणी लागायचं त्याच्या निम्म्यात, ९ लिटरमध्ये, भागलं. कल्पना साधी आहे. परातीत ओतलेला चहा कपातल्या चहापेक्षा लवकर निवतो. पाण्याची परात करायची आणि तिची हजारो घड्या घालून गाडीच्या नाकावर मावेल इतकी करायची.

या पोळ्याच्या जाळीचा एक त्रास मात्र आपल्याकडे फार. साध्या उभ्या नळ्यांच्या जाळीत क्षार बसले तर वरची टाकी उघडून आतून सळई फिरवता येते. पोळ्याच्या जाळीत पाण्याची वाट इतकी अरुंद आणि वाकडीतिकडी की सळई जातच नाही. खान्देशातलं बोअरचं पाणी किती जड आहे ते गिझरची कॉइल बाहेर काढून पाहिलेल्याला सांगायला नको. त्याच पांढऱ्या थराची एक बारीक साय जाळीत आणि ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर सामावणाऱ्या इंजिनाच्या ओतीव धडात, धरते आणि उष्णता अडवते. तीस-चाळीस वर्षं वेगवेगळ्या ड्रायव्हरांनी वाटेतल्या हापशाचं पाणी भरलेली जाळी बाहेरून चांदीसारखी चमकते, आतून अर्धी दगड झालेली असते.

नाकावरची बाई कशासाठी?

जुन्या विलायती गाडीच्या नाकावर एक झाकण असतं आणि त्यावर एखादी मूर्ती. रोल्स-रॉइसची पंख पसरलेली बाई १९११ पासून आहे, शिल्पकार चार्ल्स साइक्स. हिस्पानो-सुइझा या गाड्यांवरचा उडता करकोचा प्रसिद्ध. पण मूर्तीच्या आधी झाकण आलं आणि झाकण आलं ते पाणी भरायला. गरज होती तिथे लोकांनी अलंकार घडवला. कुंकवाच्या करंड्यावर मोर बसवतात, तसंच.

काही गाड्यांच्या झाकणावर मूर्तीऐवजी गोल काचेचा तापमापक असायचा. अमेरिकेत हॅरिसन बॉइस याने १९१२ च्या सुमारास त्याचं पेटंट घेतलं. बसल्या जागेवरून, लांबलचक बॉनेटच्या टोकाला, लाल रेघ चढताना ड्रायव्हरला दिसावी अशी सोय. तो पाण्याचं तापमान न मोजता पाण्यावरच्या वाफेचं मोजायचा. म्हणजे पाणी तळाला गेलं तरी वाफेच्या गरमीने रेघ वर चढायची आणि इशारा मिळायचा. आजच्या डॅशबोर्डवरच्या काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणीच संपलं, तर तो कधी कधी कोरडा पडून चूक तापमान दाखवतो. या बाबतीत मला ते जुनं काचेचं यंत्र जास्त प्रामाणिक वाटतं.

झडपा आणि झेंडू

थंड देशातल्या गाड्यांना उलटीही अडचण असते. सकाळी बर्फ पडलेलं, इंजिन गारठलेलं, आणि जाळी इमानेइतबारे आणखी गार करतेय. इंजिन फार थंड राहिलं तर पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं आणि आतली झीज वाढते. त्यावर दोन उपाय निघाले.

एक थर्मोस्टॅट. पाणी पुरेसं तापेपर्यंत जाळीकडची वाट बंद ठेवणारं आपोआप चालणारं दार. कॅडिलॅकने १९१४ मध्ये आणलेल्या व्ही-८ गाडीत ते होतं. दुसरा उपाय दिसायला देखणा. जाळीच्या पुढे खिडकीच्या झडपांसारख्या पट्ट्या. थंडीत मिटायच्या, इंजिन तापलं की उघडायच्या. रोल्स-रॉइसच्या गाड्यांत आधी ड्रायव्हर त्या हाताने फिरवायचा, पुढे तापमानावर आपोआप फिरू लागल्या. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीनेही अशा झडपा वापरल्या. त्या मिटल्या की वारा आत शिरत नाही आणि इंजिन तापतं, हेच तर त्यांचं काम.

आता धुळ्यातली ती गाडी पुन्हा डोळ्यांपुढे आणा. फुलवाल्याने नाकावर, जाळीवर, आडव्या-उभ्या अशा हातभर जाडीच्या झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. मध्ये गुलाबाचं बदाम. युरोपातल्या कारखान्याने बर्फाच्या दिवसांसाठी केलेली झडप आमच्या फुलवाल्याने वैशाखात, भर बारा वाजता, सुतळीने करकचून बंद करून दिली होती.

खान्देशाचा हिशोब

जाळी उष्णता किती फेकते हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं. एक, पाणी आणि हवा यांच्या तापमानातला फरक. दोन, जाळीतून जाणारा वारा.

पहिली बघा. पाणी जास्तीत जास्त १०० अंशांवर. इंग्लंडातल्या १५ अंशांच्या दिवशी फरक ८५. आमच्या ४५ अंशांच्या दिवशी फरक ५५. तीच जाळी, तोच वारा, पण काम सुमारे दोन-तृतीयांशच. गाडीत काही बिघाड नसताना तिची थंड राहण्याची ताकद तिसऱ्या हिश्श्याने कमी झाली. आणि ४५ हा सावलीतला आकडा. डांबराच्या रस्त्यापासून हात-दीड हात उंचीवर, म्हणजे नेमक्या जाळीच्या उंचीला, हवा त्याहूनही गरम असते.

दुसरी त्याहून वाईट. या गाड्यांची जाळी धावत्या गाडीसाठी होती. ताशी पन्नास-साठ किलोमीटरला वारा आपसूक घुसतो, पंखा नसता तरी चालेल. वरातीत गाडी ताशी दोन किलोमीटरने. पुढे नाचणाऱ्या माणसांची भिंत. पट्ट्यावर फिरणारा पंखा इंजिनासोबत पेंगतोय. त्यात वारा पाठीमागून असेल, तर बॉनेटखालून बाहेर पडलेली गरम हवाच फिरून पुन्हा जाळीसमोर येते. आग्रा रोडवरच्या जुन्या ट्रकवाल्यांना हे पाठ असायचं. लळिंगच्या घाटात मागचा वारा असला की बॉनेट उघडं ठेवून, ओलं पोतं घेऊन थांबायचे.

तिसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, पण मिस्तरींनी सांगितली. या गाड्यांच्या स्टिअरिंगवर एक छोटा दांडा असतो. त्याने ठिणगी लवकर पाडायची की उशिरा हे ड्रायव्हर ठरवतो. गाडी गोगलगाईसारखी गुळगुळीत चालावी म्हणून वरातीत ठिणगी उशिरा ठेवतात. उशिराची ठिणगी म्हणजे पेट्रोल जळेपर्यंत पिस्टन खाली निघून गेलेला. ताकद कमी निघते आणि ती उष्णता धुराड्याच्या वाटेवर ब्लॉकला तापवत बसते. गाडी शांत चाललीय म्हणून सगळे खूश, आणि आत उलटं चाललेलं.

सहा गिझर, दोन-तृतीयांश ताकदीची जाळी, वारा नाही, वर झेंडू. मला तर ती अर्धा किलोमीटर गेली याचंच कौतुक वाटतं.

मग आपली आजची गाडी का नाही उकळत?

कारण ती प्रेशर कुकर आहे. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर उकळतं, कुकरमध्ये दाब वाढल्याने १२० च्या आसपास. आजच्या गाडीच्या जाळीचं झाकण तसाच दाब धरून ठेवतं. मग फरक ५५ ऐवजी ७५ होतो आणि पाणी ११० ला गेलं तरी शांत. शिवाय विजेवर चालणारा पंखा इंजिनाच्या वेगावर अवलंबून नसतो, सिग्नलला उभं असतानाही पूर्ण जोरात फिरतो.

१९३० च्या आसपासच्या बहुतेक गाड्या उघडं पातेलं होत्या. जास्तीचं पाणी आणि वाफ एका नळीने थेट रस्त्यावर. उंचावर गेलं तर आणखी पंचाईत. नंदुरबारकडच्या तोरणमाळला, समुद्रसपाटीपासून साधारण १,१५० मीटरवर, पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे घाट चढून इंजिन सर्वात जास्त तापलेलं असतं, नेमकं तेव्हाच उकळीचं छत चार अंशांनी खाली येतं.

त्या मिस्तरींची आरोळी आजच्या गाडीला तर दुपटीने लागू. कुकरची शिट्टी न काढता झाकण उघडल्यावर काय होतं हे घरोघरी माहीत आहे, पण तीच माणसं रस्त्याच्या कडेला गाडीचं झाकण फडक्याने फिरवायला जातात. दाब सुटताक्षणी ११०-१५ अंशांचं सगळं पाणी एकदम उकळतं आणि तोंडावर येतं.

"राजे-महाराजे याच उन्हात चालवायचे ना?"

चालवायचे. १९०८ सालीच मुंबई-कोल्हापूर मोटार चाचणीत सिल्व्हर घोस्टने घाट चढून दाखवले होते. पण तेव्हा जाळी कोरी, पंपाच्या चाकाची पाती शाबूत, आतले रस्ते मोकळे. गाडीसोबत क्लीनर, पाण्याच्या पखाली, आणि निघायची वेळ पहाटेची. मालकाला घाई नव्हती. मुख्य म्हणजे गाडी धावायची.

राजेशाही गाडी म्हणजे बिनत्रासाची गाडी, असंही नाही. रोल्स-रॉइसच्या १९३६ च्या फँटम थ्रीला बारा सिलिंडर आणि अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक होता. हलका, सुबक, पण पाण्याची हेळसांड झाली की अ‍ॅल्युमिनियम गंजून त्याचा गाळ पाण्याच्या बारीक वाटा बुजवतो. या गाड्या सांभाळणाऱ्यांची ही जुनी डोकेदुखी. गाडी जितकी भारी, तितकं तिला साधं, स्वच्छ पाणी महत्त्वाचं.

"पाण्याची भानगडच नको, हवेवर गार होणारं इंजिन का नाही?"

तेही झालं. अमेरिकेतल्या सिरॅक्यूजची फ्रँकलिन ही कंपनी १९०२ ते १९३४ अशा गाड्या विकत होती, अगदी बारा सिलिंडरचीसुद्धा. आपल्या मोटारसायकलच्या इंजिनावर असतात तशा पट्ट्या आणि त्यांवर पंख्याचा झोत. पाणी नाही, गोठणं नाही, उकळणं नाही. पण गिऱ्हाइकाला गाडीच्या नाकावर जाळी दिसल्याशिवाय ती भारी वाटेना. शेवटी विक्रेत्यांच्या आग्रहाने १९२५ पासून कंपनीने पुढे दिखाऊ जाळी बसवली. आत पाण्याचा थेंब नाही, आणि बाहेर रुबाबदार जाळी! लग्नातल्या भाड्याच्या गाडीचं मूळ तिथपर्यंत नेता येईल.

"हिरवं कूलंट घाला, थर्मोस्टॅट काढून टाका"

हे दोन सल्ले पानटपरीवरही मिळतात. कूलंट म्हणजे जाळीतल्या पाण्यात मिसळायचा द्रव. त्यातला ग्लायकॉल मुळात गोठणं टाळण्यासाठी. उकळबिंदू तो थोडा वाढवतो, पण उष्णता वाहून नेण्यात नुसत्या पाण्याहून कमी पडतो. खान्देशात गोठण्याची भीती नाही. जुन्या गाडीला बॅटरीवालं शुद्ध पाणी आणि त्यात गंजरोधक औषध बरं. दाबाचं नवं झाकण मात्र चुकूनही बसवू नये. शंभर वर्षांपूर्वी शिशा-कथलाच्या डागाने जोडलेली जाळी तो दाब सोसणार नाही, शिवण उसवते.

थर्मोस्टॅट काढल्याने वाटेतली एक अडचण कमी होते खरी, पण कमाल ताकद जाळीच्या हातात असते आणि जाळी बुजलेली असेल तर काहीच साधत नाही. काही इंजिनांत तर उलटा परिणाम होतो. थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की तो आडवाटेची एक नळी बंद करतो. तो नसला की पाणी जाळीकडे न जाता त्या सोप्या आडवाटेनेच फिरत बसतं.

विजेचा पंखा हा मला पटणारा उपाय. जाळीमागे लपवून लावता येतो, जुनेपणाला धक्का नाही. फक्त जुना ६ व्होल्टचा डायनॅमो त्याचा भार झेलेल का, हे आधी बघावं.

"पाणी भरलं तरी गाडी सुरू होईना, ते का?"

तिथे मामांचं थोडं बरोबर असू शकतं. तापलेल्या बॉनेटखाली पेट्रोलच्या नळीत पेट्रोलचीच वाफ होते (इथेनॉल मिसळलेलं असेल तर जरा लवकरच), पंप द्रवाऐवजी वाफ ओढतो आणि इंजिन उपाशी राहतं. जाळी थंड असली तरी हे होतं. जुन्या काळचा उपाय अजून चालतो. पेट्रोल पंपावर आणि नळीवर ओलं फडकं गुंडाळायचं. पुन्हा माठाचंच शास्त्र.

त्या दिवशी मिस्तरींनी गाडी बंद करून बॉनेटचे दोन्ही पंख उचलून ठेवले. झाकणाला हात लावला नाही. पाऊण तासाने वरच्या टाकीवर तळवा टेकवला, मनात काही मोजलं, मग ओलं पोतं टाकून झाकण चतकोर फिरवलं आणि पुन्हा थांबले. पाणी भरलं ते इंजिन चालू करून, बारीक धारेने. तापलेल्या ब्लॉकमध्ये एकदम थंड पाणी ओतलं तर ओतीव लोखंड तडकतं, हे त्यांनी जवळ उभ्या पोराला समजावूनही सांगितलं. कॅन जवळजवळ रिकामा झाला.

सात वाजता गाडी नरडाण्याकडे परत निघाली, ताशी चाळीस-पंचेचाळीसने. मी मागच्या सीटवर होतो, हट्टाने बसलो होतो. नाकावरच्या काचेतली लाल रेघ निम्म्यावर चढून तिथेच राहिली. निघण्याआधी माळा सोडवून मांडवाच्या कडेला टाकल्या होत्या. वरची फुलं टवटवीत होती. जाळीला टेकलेला आतला थर पार उकडून निघालेला, तपकिरी, आणि हात लावला तर अजून कोमट.